शेवटच्या रविवारचं वाचन

रविवार, १ डिसेंबर २०२४

इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, आमच्याकडे म्हणतात त्या नहरीवर, एकतीस वर्षं नोकरी केली. तेव्हा रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहावी लागे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पातळी गेली, पण वहीची सवय गेली नाही. बहुतेक दिवस लिहिण्यासारखं काही नसतंच. पेन्शन आली, गुडघा दुखला, मुलाचा, भूषणचा, नागपूरहून फोन आला. आज मात्र आहे.

गावाचा आरोग्य फंड आज सुरू झाला. विहाराकडच्या आणि देवळाकडच्या मिळून एकाहत्तर घरांपैकी चौसष्ट घरांनी मळणी होताच एकेक पोतं धान दिलं. ते विकून अठ्ठावन्न हजार दोनशे चाळीस रुपये आले. बँकेत टाकले. सही माझी आणि किराणावाल्या बिसरामची. मोठ्या ऑपरेशनला सरकारी कार्ड चालतं, ते मलाही माहीत आहे. पण तापाला, तपासणीला, गाडीभाड्याला कार्ड चालत नाही, आणि आमची माणसं नेमकी तिथेच अंगावर काढतात. नियम एकच ठेवला: डॉक्टरचं बिल आणा, पैसे घेऊन जा.

रुक्मा म्हणाली, "चांगलं केलं जी." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी चारपाच वेळाच ऐकलं असेल, म्हणून लिहून ठेवतो.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

डिसेंबरात नऊ बिलं आली होती. जानेवारीच्या नऊ दिवसांतच अकरा झाली. थंडीचे दिवस आहेत, माणसं आजारी पडतात, हे मान्य. पण श्यामलालने आज साडेसहाशेचं बिल आणलं. अशक्तपणा, सलाईन दोन. हाच श्यामलाल काल शेजारच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडारीचा खेळ बघत पहाटेपर्यंत उभा होता, आणि मध्ये मध्ये नाचतही होता. मी विचारलं, अशक्तपणा नक्की कुठे होता? तो म्हणाला, डॉक्टरनंच लावली जी सलाईन, मी थोडीच मागतली.

पैसे दिले. बिल होतं, नियम होता.

सोमवार, २७ जानेवारी

खोकल्याचं निमित्त करून स्वतःच डॉक्टर हेमेंद्रच्या दवाखान्यात गेलो. बाजाराच्या गावात त्याचा दवाखाना आहे, आमच्याकडची सगळी माणसं तिथेच जातात. गेल्या वर्षापर्यंत तो शंभर रुपये घेई. सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या त्यातच.

आज कंपाउंडरने नाव विचारायच्या आधी गाव विचारलं. गाव सांगताच मला आतल्या खाटेवर झोपवलं. रक्त काढलं, सलाईन लावली. माझ्या शेजारी पल्याडच्या गावचा एक म्हातारा असाच खोकत होता. त्याला गोळ्या दिल्या, एकशेवीस घेतले आणि पाठवून दिलं. माझं बिल झालं चारशेऐंशी.

मी डॉक्टरला सरळ विचारलं. तो रागावला नाही, उलट प्रेमाने म्हणाला, "काका, फंड है ना आपका? फिर आधा इलाज क्यों करना?" खरं सांगायचं तर त्याला आपण काही चुकीचं करतो आहोत असं वाटतच नव्हतं. आधी माणसाच्या खिशात हात घालायची त्याला लाज वाटे. आता खिसा कोणाचाच नाही.

बिल फंडात लावलं नाही, स्वतः भरलं. घरी रुक्माला सगळं सांगितलं. तिने विचारलं, बाईमाणसाच्या तपासणीचे किती घेते तो? मी म्हटलं, कोणाची करायची आहे? "कोणाची नाई जी. असंच." एवढा मोठा घोटाळा सांगतो आहे आणि हिचं लक्ष भलतीकडेच.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज सभा झाली. तीन महिन्यांत अठ्ठ्याहत्तर बिलं, सदतीस हजार साडेसहाशे गेले. उरले वीस हजार पाचशे नव्वद, आणि पुढचं खरिपाचं धान यायला अजून नऊ महिने आहेत. या वेगाने गेलो तर एप्रिलमध्ये फंड कोरडा. मग कोणाला साप चावला, कोणाचं बाळंतपण अडलं, तर गाडी कशाने करायची? चार रात्री मला झोप नाही. कल्पना माझी होती, बुडाली तर नाव माझंच.

नहरीवर हेच पाहिलं आहे. पाणीपट्टी एकरावर होती, मापावर नव्हती. एकदा पट्टी भरली की फाटक बंद करायला कोणी उठत नसे. वरच्यांच्या धानाच्या बांध्या तुडुंब भरत, आणि शेवटच्या टोकाच्या शेतात भेगा. मी तेव्हा एक उपाय केला होता. दर रविवारी चौकात उभं राहून कोणी किती तास पाणी घेतलं ते नावानिशी वाचून दाखवायचो. दुसऱ्याच महिन्यात फाटकं वेळेवर बंद होऊ लागली. दंड नाही, भांडण नाही. माणूस चारचौघांत नाव निघण्याला भितो.

तोच नियम मी आज मांडला आणि मंजूर करून घेतला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी समाजमंदिरात प्रत्येक बिल मोठ्याने वाचायचं. नाव, दुखणं, रक्कम. आणि प्रत्येक बिलातले पहिले शंभर ज्याचे त्याने भरायचे. बिसराम म्हणाला, "नहरबाबू, तुमचं डोकं अजून पाण्यातच हाये." मला आवडलं.

रविवार, ३० मार्च

पहिलं वाचन. समाजमंदिर भरलं होतं. मार्चमध्ये फक्त सात बिलं. सात! श्यामलालने एकही आणलं नाही, त्याचा अशक्तपणा नियमाबरोबरच बरा झाला.

मी सगळं एका आवाजात वाचलं, नहरीवर पाण्याचं पाळीपत्रक वाचायचो तसं. ताप, ताप, पायाला गोटा लागला. चौथं बिल रीताचं, बिसरामच्या भावाची सून. बिलावर डॉक्टरने लिहिलं होतं तेच वाचलं, अंगावरून पांढरं जाणे, चारशे. मागे दोन पोरं हसली. त्यांना उठवून बाहेर काढलं, कारण सभेची शिस्त मोडलेली मला खपत नाही. रीता खाली मान घालून बसली आणि नंतर पैसे न घेताच निघून गेली. फंडाचे तेवढेच तीनशे वाचले.

जेवताना रुक्माने विचारलं, "पुढच्या महिन्यात बी वाचता का?"

नियम आहे, मी म्हटलं.

"अन् आपल्या घरचं असलं तं?"

"आपल्या घरचं तर सगळ्यात आधी वाचीन." असं केल्याशिवाय गाव नियम मानत नाही. ती भाकर अर्धी ठेवून उठली.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी निघताना पाहतो तर माझं नेसणीचं जुनं धोतर नाही. महिन्याभरात हे दुसरं. रुक्माला विचारलं तर म्हणे भांडेवालीला दिलं. दोन धोतरं दिली आणि घरात नवीन भांडं तर एकही दिसलं नाही. असा व्यवहार मी नोकरीत केला असता तर निलंबित झालो असतो. जरा मोठ्याने बोललो. सणाच्या दिवशी बोलायला नको होतं.

मिरवणुकीत ती अर्ध्यातून घरी परतली. उन्हाचं बरं वाटत नाही म्हणाली.

रविवार, २७ एप्रिल

पाच बिलं. बाराशे पन्नास रुपये. डॉक्टर हेमेंद्रचा दर आपोआप खाली आला, आता आमच्या माणसांनाही तो साध्या तापाला दीडशेत मोकळं करतो. बाजारात भेटला तेव्हा मान फिरवून गेला. मी मात्र नमस्कार केला.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात सगळ्या बायका पांढऱ्या पातळात, आणि रुक्मा काथ्या रंगाचं लुगडं नेसून दारातच उभी. मी म्हटलं, हे काय? पांढरं धुवायला टाकलं आहे, ती म्हणाली. हल्ली ती पहाटे अंधारातच नहरीवर एकटी धुणं धुवायला जाते, बायकांच्या घोळक्यात नाही. एवढं धुते तर पांढरं पातळ आजच कसं ओलं राहतं ते मला कळलं नाही.

वंदना होईपर्यंतही ती बसली नाही. वय झालं की माणसाची भक्ती वाढते म्हणतात, हिची कमी होते आहे.

रविवार, २५ मे

चार बिलं, अकराशे. उन्हाळी धानवाल्या तीस घरांनी अर्धं अर्धं पोतं दिलं, ते धरून फंडात तीस हजार एकशे चाळीस झाले. बिसरामने सभेत माझ्या गळ्यात गमछा घातला. पलीकडच्या गावचे दोघे आमची पद्धत शिकायला आले होते.

त्यांना दाखवायला मी रजिस्टरवरून हिशेब काढला. नियमाआधी अठ्ठ्याहत्तर बिलांतली तेहतीस बायकांची होती. नियमानंतर सोळात दोन. एक रीताचं, एक श्यामलालच्या आईचं, तिचं मनगट मोडलं होतं ते. त्या ओळीखाली मी लाल शाईने लिहिलं, "महिलांचा अनावश्यक खर्च पूर्ण थांबला." पाहुण्यांनी ते उतरवून घेतलं.

गावची आशा कार्यकर्ती रेणू मागे उभी होती. तिला म्हटलं, तूही हे वर कळव. ती पिशवी उचलून निघून गेली. ही मुलगी कामाला चांगली आहे, पण हल्ली तोंड वाकडं असतं.

मंगळवार, १७ जून

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात बसून लिहितो.

सकाळी धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायला बांधीत गेलो होतो. रुक्मा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली, मग आडवी झाली. मला वाटलं ऊन लागलं. उचलायला गेलो तर माझा हात लाल झाला. लुगडं मागून पूर्ण भिजलं होतं. मी साप चावला समजून तिचे पाय बघत होतो. असा मी मूर्ख.

रेणू धावत आली. तिने मला लांब जायला सांगितलं, बायका बोलावल्या. नंतर गाडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली. गावातल्या पोरी रुक्माला आईच म्हणतात. म्हणाली, "आईच्या अंगावरून पाच महिन्यांपासून जाऊन राहिलं, बाबूजी. पाळी जाऊन आठ वर्सं झाली, अन् हे असं."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत?

"मार्चपासून. मी म्हणलं दवाखान्यात चला. नाई म्हणे. मले शपथ घातली."

मला का नाही सांगितलंस म्हणून मी तिच्या अंगावर ओरडलो. ती घाबरली नाही.

"तुमाले कायले सांगू? तुमी तं वाचून दाखवता."

गाडीभाडं बावीसशे. बिसराम म्हणाला फंडातून घ्या, तुमचाच हक्क आहे. मी घेतलं नाही.

शुक्रवार, २० जून

नागपूर. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातून इथे पाठवलं. भूषण स्टेशनवर आला होता. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. तुकडा तपासायला दिला आहे, पण डॉक्टरीणबाईंनी बोटाने तपासूनच मला बाजूला घेतलं. कार्डावर सगळं होईल, पैशाची काळजी करू नका, म्हणाल्या. मी म्हटलं, पैशाचं नाही, वेळेचं सांगा. त्या म्हणाल्या, पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आल्या असत्या तर बहुधा ऑपरेशनवर भागलं असतं. आता गाठ बाजूला पसरलेली वाटते, किरणांचे पंचवीस शेक द्यावे लागतील. आणि मग? मग बघू, म्हणाल्या.

पहिल्यांदा कधी, ते मला ठाऊक आहे. २७ जानेवारीचं पान आज पुन्हा वाचलं. बाईमाणसाच्या तपासणीचे किती घेतो, असं तिने विचारलं होतं. मी तिला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

शनिवार, २१ जून

आज तिला विचारलं. पैसे हवे होते तर पेन्शन होतीच ना. फंडाला हात लावायची गरजच नव्हती. बाहेर कुठेतरी दाखवलं असतं, कोणाला कळलं नसतं.

ती म्हणाली, "तुमाले सांगा लागलं असतं ना जी. अन् तुमी वाचलं असतं. आपल्या घरचं आधी वाचीन म्हणले होते."

मी म्हणणार होतो, वेडी आहेस का, तुझं कसं वाचलं असतं. पण वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी वाचलं असतं. पेन्शनीतून भरलं असतं तरी नियमाचा मोठेपणा दाखवायला वाचलं असतं. समाजमंदिरात उभा राहून, एका आवाजात, आणि घरी येऊन जेवलो असतो.

ती म्हणाली, "रीताचं वाचलं त्या दिवशीच म्या ठरवलं."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो आणि रडलो. शिपायाने उठवलं, इथे बसायची परवानगी नाही म्हणून.

शनिवार, २८ जून

अकरा दिवसांनी गावी आलो. संध्याकाळी रेणूला बोलावून विचारलं, गावात अशा आणखी किती जणी? ती नावं सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं, नावं नको, आकडा सांग. ती म्हणाली, नऊ. कोणाला पांढरं जातं, कोणाला छातीत गाठ लागते, एकीचं अंग बाहेर येतं. सगळ्या मार्चपासून गप्प.

रजिस्टर उघडलं. लाल शाईची ओळ तशीच होती.

रविवार, २९ जून

वाचनाचा दिवस. येताना रुक्माला विचारून आलो होतो की तुझं काय करू. ती म्हणाली, "नाव नका वाचू. बाकीच्या बायांसाठी रेणूले गाडी करून द्या."

समाजमंदिर नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. सगळ्यांना कळलंच होतं, आणि नहरबाबू बायकोचं नाव वाचतो की नाही हे बघायला ते आले होते. मी उभा राहिलो. शिल्लक सांगितली, एकोणतीस हजार दोनशे चाळीस. नियम केला तेव्हापेक्षा साडेआठ हजारांनी जास्त. मग म्हटलं, हे पैसे वाचलेले नाहीत. ही बायकांची दुखणी आहेत, त्यांनी घरात दाबून ठेवलेली. आजपासून दुखणं वाचणं बंद.

बिसराम उठला. त्याचंही खरं होतं. म्हणाला, वाचणं बंद केलं तर डॉक्टर पुन्हा साडेसहाशे लावतो, मग फंड दिवाळीपर्यंत पुरतो कसा? तीन-चार जण त्याच्या बाजूने बोलले. एकाने म्हटलं, घरात आलं म्हणून नियम बदलला काय? मी हो म्हटलं. घरात येईपर्यंत मला दिसलं नाही, हे खरं आहे.

मग जे चार दिवस नागपूरच्या बाकावर बसून सुचलं ते सांगितलं. नहरीवर मी पाण्याचे तास वाचायचो, कोणाच्या शेतात काय रोग पडला ते नव्हे. इथे मी चुकीचा कागद वाचत बसलो. वाचायचाच असेल तर डॉक्टरचा दर वाचू. खोकल्याला किती, सलाईनला किती, पल्याडच्या गावाला किती आणि आपल्याला किती. फंडाने दर आधी ठरवायचा, पैसे डॉक्टरला थेट द्यायचे, पेशंटचं नाव रजिस्टरात रेणूकडे, आणि रजिस्टर कुलुपात. चालेल की नाही माहीत नाही. हेमेंद्र हुशार माणूस आहे, दुसरी वाट काढेल. बिसराम तर मान हलवतच बसला होता.

पण बुधवारी गाडी जायची ठरली, ग्रामीण रुग्णालयात. बिल नाही, नाव नाही, भाडं फंडातून. मी रीताकडे पाहिलं नाही. ती मात्र निघताना माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, आईले सांगजा, बुधवारी मी जाऊन राहिली.

बुधवार, २ जुलै

सकाळच्या गाडीने नागपूरला परत. रेणूचा फोन आला, नऊपैकी सात गेल्या. दोघी गाडीपर्यंत येऊन वळल्या.

तुकड्याचा रिपोर्ट आला, बाई म्हणाल्या होत्या तेच. उद्यापासून शेक. संध्याकाळी भूषणच्या खोलीवर रुक्माला घेऊन आलो. रक्त अजून थांबलेलं नाही. दुकानातून आणलेलं तिला चालत नाही, सुती कापडाशिवाय तिला चैन पडत नाही, आणि बरोबर आणलेलं सगळं संपलं होतं.

मी पिशवीतून माझं नवं धोतर काढलं. भूषणने दिवाळीला घेतलेलं, घडी मोडलेली नव्हती. दाताने काठ तोडला आणि फाडायला घेतलं. ती उठून बसली.

"नवं हाये ना जी ते. काऊन फाडून राहिले?"

भांडेवालीला द्यायला, मी म्हटलं.

ती हसली नाही, पण तिने पाहिलं माझ्याकडे, बऱ्याच महिन्यांनी नीट. कापड मजबूत होतं, एकट्याने सरळ फाटेना. तिने एक टोक धरलं, मी दुसरं.